काट्यावरचा आकडा विश्वासू कसा झाला?

बडोद्याचे खंडेराव मार्केट ज्याला ठाऊक नाही असा बडोदेकर शोधूनही सापडावयाचा नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतल्याला पंचवीस वर्षे झाली, त्या निमित्ताने १९०६ साली ही भव्य वास्तू उभी राहिली आणि पूर्वीचे राज्यकर्ते खंडेराव महाराज यांचे नाव तिला देण्यात आले. पुढच्या अंगाला नगराचा कारभार आणि मागच्या अंगाला भाजी, फळे व फुले यांचा बाजार, अशी या वास्तूची ख्याती आहे. नगराचा कारभार जसा विश्वासावर चालतो, तसाच बाजारही विश्वासावरच चालतो. विकणाऱ्याने खरे मोजावे आणि घेणाऱ्याने खरे मानावे, एवढ्या एका करारावर रोजची हजारो माणसांची देवघेव होत असते.

हा करार पूर्वी तराजूच्या दांडीवर तोलला जाई. दोन पारडी, मधली दांडी आणि शिक्का मारलेली लोखंडी वजने एवढाच सरंजाम असे. दांडी कलली की गिऱ्हाईक लगेच हटकत असे, कारण जे घडत होते ते त्याच्या डोळ्यांसमोर घडत होते. ‘काटा मारणे’ हा वाक्प्रचार त्याच काळाने आपल्या भाषेला दिला. आता काळ पालटला. तराजूच्या जागी विजेवर चालणारा काटा आला. भाजी ताटलीत पडते आणि आकडा समोर उमटतो. आत काय घडले ते विकणाऱ्यालाही दिसत नाही आणि घेणाऱ्यालाही दिसत नाही. दोघांचाही सारा भरवसा त्या चार-पाच आकड्यांवर येऊन ठेपला आहे.

हे आकडे दोन प्रकारचे असतात. काही काट्यांवर ते तांबड्या प्रकाशाने स्वतः उजळतात. काही काट्यांवर मात्र करड्या-हिरवट पाटीवर काळे आकडे उठतात. या दुसऱ्या प्रकारच्या पाटीला ‘द्रवस्फटिक दर्शक’ म्हणतात. तिला वीज अगदी थोडी लागते आणि भर उन्हातही ती स्पष्ट वाचता येते. मनगटी घड्याळ, गणकयंत्र, ताप मोजण्याचा विजेरी तापमापक, रक्तातील साखर पाहण्याचे उपकरण, घरातील नवा वीजमापक, अशा शेकडो ठिकाणी हीच पाटी आपल्याला दिसते. ती आज इतकी सवयीची झाली आहे की ती खरे सांगते काय, अशी शंकाही आपल्या मनात येत नाही. ही निःशंकता फुकट मिळालेली नाही. पहिले द्रवस्फटिक दर्शक नाजूक होते आणि त्यांपैकी पुष्कळांचे आयुष्य थोडे होते. त्यांना विश्वासू बनविण्यासाठी काय काय करावे लागले, हे समजून घेण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करणार आहोत.

प्रथम दर्शक बिघडल्याने नुकसान ते काय होते, ते पाहू. काट्यावरचे आकडे इंग्रजी वळणाचे असतात आणि प्रत्येक आकडा सात रेघांनी बनतो. वर, मध्ये व खाली अशा तीन आडव्या रेघा, आणि डाव्या व उजव्या बाजूंना वर-खाली दोन दोन उभ्या रेघा. सातही रेघा उमटल्या की आठाचा आकडा होतो. आता समजा, यांतील उजवीकडची वरची रेघ उमटेनाशी झाली. तर आठाचा सहा होईल आणि नवाचा पाच होईल! एक किलो आठशे पन्नास ग्रॅम बटाटे ताटलीत असताना एक किलो सहाशे पन्नास असा आकडा दिसेल आणि भाजीवाल्याचे दोनशे ग्रॅम नाहक जातील. डावीकडची खालची रेघ गेली तर आठाचा नऊ होतो. मग फटका बसतो तो गिऱ्हाइकाला. मधली आडवी रेघ गेली तर आठाचे शून्य होते. वरची आडवी रेघ गेली तर साताचा एक होतो. आकडा पुसट झाला किंवा पाटी काळी पडली तर निदान बिघाड कळून तरी येतो; परंतु एक रेघ नाहीशी होऊन दुसराच सुबक आकडा उमटला तर यंत्र बिनदिक्कत खोटे बोलते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. हाच प्रकार रुग्णाच्या तापाच्या किंवा साखरेच्या आकड्यात झाला तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आता द्रवस्फटिक म्हणजे काय, ते पाहावयास हवे. मीठ, साखर, तुरटी यांचे स्फटिक आपण पाहिलेले असतात. स्फटिकात रेणू शाळेच्या कवायतीतील मुलांप्रमाणे रांगेत उभे असतात. द्रवात ते मधल्या सुटीतील मुलांप्रमाणे वाटेल तसे हिंडत असतात. १८८८ साली प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनित्सर यांना एक विलक्षण पदार्थ आढळला. कोलेस्टेरॉलपासून बनविलेला हा पदार्थ तापविला असता सुमारे १४५ अंश सेल्सियसला वितळून गढूळ द्रव होई आणि सुमारे १७९ अंशांना तो गढूळपणा जाऊन द्रव एकदम नितळ होई. एकाच पदार्थाचे जणू दोन वितळबिंदू! रायनित्सर यांनी हा पदार्थ जर्मन पदार्थवैज्ञानिक ओटो लेहमान यांच्याकडे धाडला. गढूळ अवस्थेतील पदार्थ द्रवासारखा वाहतो, पण प्रकाशाशी स्फटिकासारखा वागतो, असे लेहमान यांना सूक्ष्मदर्शकातून दिसून आले. कवायतीचीच उपमा चालवावयाची तर, ही मुले रांगा मोडून हिंडत आहेत. परंतु सर्वांची तोंडे मात्र एकाच दिशेला आहेत. या अवस्थेतील पदार्थाला द्रवस्फटिक असे नाव मिळाले.

सुमारे ऐंशी वर्षे हा विषय प्रयोगशाळेतील कुतूहलापुरताच राहिला. १९६८ साली अमेरिकेतील आर. सी. ए. कंपनीच्या जॉर्ज हाइलमायर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रवस्फटिकाचा दर्शक जगापुढे ठेवला. त्यानंतर दोन वर्षांनी, डिसेंबर १९७० मध्ये, स्वित्झर्लंडमधील मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी ‘पिळाच्या’ दर्शकाचे एकस्व मागितले. अमेरिकेत जेम्स फर्गसन यांनीही तीच वाट स्वतंत्रपणे चोखाळली होती. काट्यावर व घड्याळात दिसणारा काळ्या आकड्यांचा दर्शक या पिळाच्या पद्धतीचाच असतो.

त्याची रचना अशी. दोन पातळ काचा एकमेकींवर ठेवून त्यांच्यामध्ये जेमतेम पाच ते दहा मायक्रॉनांची फट राखलेली असते. आपल्या केसाची जाडी साधारणपणे सत्तर मायक्रॉन धरली, तर केसाच्या सातव्या हिश्शाहूनही ही फट लहान भरेल. ती सर्वत्र सारखी राहावी म्हणून आत अतिसूक्ष्म गोळ्या किंवा काचतंतूंचे बारीक तुकडे पसरलेले असतात. काचांच्या आतल्या बाजूस विजेचे वहन करणारा पण डोळ्यांना न दिसणारा धातूच्या ऑक्साइडाचा थर, रेघांच्या आकारात कोरलेला असतो. त्यावर दुसरा एक थर असतो. तो मखमलीसारख्या कापडाने एकाच दिशेने घासलेला असतो, आणि त्या घासण्याच्या दिशेलाच लांबट रेणू आडवे होऊन पडतात. वरच्या व खालच्या काचांची घासण्याची दिशा काटकोनात ठेवल्यामुळे मधल्या रेणूंना जिन्याच्या पायऱ्यांसारखा पाव फेऱ्याचा पीळ बसतो. बाहेरच्या दोन्ही बाजूंना एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देणाऱ्या पट्ट्या असतात. त्यांना ‘ध्रुवक’ म्हणतात. प्रकाश रेणूंच्या पिळाबरोबर वळतो व दुसऱ्या ध्रुवकातून पार होतो. तेथे पाटी उजळ दिसते. एखाद्या रेघेला वीज दिली की तेथील रेणू उभे राहतात, पीळ सुटतो, प्रकाश अडतो आणि ती रेघ काळी दिसते.

इतकी नाजूक व्यवस्था म्हटली म्हणजे तिला शत्रूही पुष्कळच असणार. त्यांतील पहिला शत्रू म्हणजे ओल. सुरुवातीच्या दर्शकांत जे पदार्थ वापरीत, त्यांत शिफ बेस या जातीच्या पदार्थांचा भरणा होता. १९६९ साली जर्मनीतील हान्स केल्कर यांनी शोधलेला असाच एक पदार्थ सुमारे २१ ते ४७ अंशांपर्यंत द्रवस्फटिक राही. नेहमीच्या हवामानात चालणारा पदार्थ मिळाला म्हणून त्याचे मोठे कौतुक झाले. परंतु या जातीच्या रेणूतील मधला दुवा पाण्याच्या स्पर्शाने तुटतो. काचांच्या कडेने ओलीचा अंश आत शिरला की रेणू मोडू लागत, पदार्थाचा नितळबिंदू खाली येई आणि आकडे पुसट होत. आपल्याकडच्या पावसाळ्यात, जेथे भिंतींना ओल येते आणि पापडही सादळतात, तेथे अशा दर्शकाची काय कथा!

या रोगावर दोन उपाय झाले. एक उपाय बाहेरचा. काचांच्या कडा अधिक पक्क्या बंद करणे. दर्शक भरताना आधी आतील सर्व हवा काढून घेतात, मग कडेला ठेवलेले बारीक भोक द्रवात बुडवितात. बाहेरच्या हवेच्या दाबाने द्रव आपोआप आत चढतो; नंतर ते भोक बुजवितात. कडेचा डिंक, काचेची स्वच्छता, बुजविलेले भोक, यांतील एकातही हयगय झाली की पुढे सारे मुसळ केरात. दुसरा उपाय आतला, आणि तोच अधिक मोलाचा ठरला. इंग्लंडमधील हल विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रे यांनी असा विचार केला की पाण्याने तुटणारा दुवाच रेणूत ठेवू नये. त्यांनी बेंझिनाची दोन वलये मधल्या कोणत्याही दुव्यावाचून सरळ एकमेकांना जोडली. १९७३ साली प्रसिद्ध झालेले हे सायनोबायफेनिल जातीचे पदार्थ रंगहीन होते, आणि पाणी, हवा व प्रकाश यांना दाद देत नव्हते. घराला वारंवार कुलूप बदलण्यापेक्षा चोरी होईल अशी वस्तूच घरात न ठेवणे बरे, असा हा विचार होता.

येथे दुसरा शत्रू पुढे उभा राहिला. तो म्हणजे तापमान. ग्रे यांच्या सर्वांत प्रसिद्ध पदार्थाची द्रवस्फटिक अवस्था सुमारे २४ अंशांपासून ३५ अंशांपर्यंतच टिकत असे. २४ च्या खाली तो गोठण्याच्या वाटेला लागे आणि ३५ च्या वर साधा द्रव होऊन जाई. साध्या द्रवात पीळ राहत नाही. त्यामुळे प्रकाश वळत नाही आणि सारी पाटीच काळीठिक्कर पडते. बडोद्याचा वैशाख ज्याने सोसला आहे, त्याला ३५ अंश म्हणजे काय हे सांगावयास नको. भर दुपारी येथे पारा चाळिशी ओलांडतो, आणि उन्हात ठेवलेली वस्तू हवेहूनही जास्त तापते. असा काटा सकाळी अकरा वाजेपर्यंत चालावा आणि पुढे संध्याकाळपर्यंत बंद पडावा, याला विश्वासू कोण म्हणेल?

उपाय सापडला तो मिसळण्यात. हा मार्ग समजण्यासाठी घरातली दोन उदाहरणे पुरेत. पॉटचे आईस्क्रीम करताना बर्फात मीठ घालतात. मिठामुळे मिश्रण शून्याच्या पुष्कळ खाली जाऊनही गोठत नाही. तसेच डाख देणाऱ्याचे. कथील २३२ अंशांना वितळते आणि शिसे ३२७ अंशांना. परंतु ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे यांचे मिश्रण १८३ अंशांनाच वितळते. म्हणजे मिश्रण त्याच्या दोन्ही घटकांहून लवकर वितळते. द्रवस्फटिकांचेही असेच होते. योग्य प्रमाणात मिसळले असता खालची मर्यादा, म्हणजे गोठण्याचे तापमान, खूप खाली उतरते. वरची मर्यादा, म्हणजे नितळ होण्याचे तापमान, मात्र अशी कोसळत नाही. ती घटकांच्या प्रमाणानुसार त्यांच्या मर्यादांच्या दरम्यान कोठेतरी राहते. तेव्हा फार उंच मर्यादेचा एखादा घटक थोडासा घातला की वरची मर्यादाही चढते.

ग्रे यांच्याबरोबर काम करणारे पदार्थवैज्ञानिक पीटर रेन्स यांनी या तत्त्वावर आधी गणित मांडले आणि मग मिश्रण बनविले. ‘ई-सात’ या नावाने ते प्रसिद्ध झाले. त्यात चार पदार्थ असून त्यांची प्रमाणे ५१, २५, १६ आणि ८ टक्के अशी आहेत. शेवटचा ८ टक्क्यांचा पदार्थ एकटा घेतला तर १३० अंशांपर्यंत वितळतसुद्धा नाही. परंतु त्याची द्रवस्फटिक अवस्था सुमारे २४० अंशांपर्यंत टिकते. चवीपुरत्या घातलेल्या या पदार्थाने सर्व मिश्रणाला वरच्या बाजूने उचलून धरले. मिश्रणाची मर्यादा उणे १० अंशांपासून सुमारे ६० अंशांपर्यंत विस्तारली. चार पदार्थांपैकी कोणताही एक पदार्थ हे काम करू शकला नसता. चौघांनी मिळून ते केले.

या ठिकाणी बडोद्याच्या विद्यार्थ्यांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगणे आम्हांस अवश्य वाटते. द्रवस्फटिक मिसळले असता काय होते, हा प्रश्न दर्शकांचे नावही नव्हते त्या काळात एका भारतीय रसायनशास्त्रज्ञाने हाती घेतला होता. जे. एस. दवे यांनी मायकेल ड्यूअर यांच्यासमवेत ‘मिश्र द्रवस्फटिक’ या विषयावर केलेले संशोधन लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात १९५४ व १९५५ साली प्रसिद्ध झाले. द्रवस्फटिकात दुसरा पदार्थ मिसळला असता त्याच्या तापमानमर्यादा कशा सरकतात आणि त्या सरकण्याचा रेणूंच्या आकाराशी काय संबंध असतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. पुढे दवे यांनी आणि त्यांच्यानंतर आर. ए. व्होरा यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात या शाखेचे संशोधन चालू ठेवले, आणि या विषयाच्या जगातील अभ्यासकांना बडोद्याचे नाव परिचित झाले. खंडेराव मार्केटापासून हे विद्यापीठ काही दूर नाही! १९७७ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी थाळीसारख्या चपट्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले. तीही भारतीय विज्ञानाची मोठी कामगिरी होय. घड्याळातील मिश्रण बडोद्यात बनले, असा आमचा दावा नाही. परंतु ज्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढे सारा डोलारा उभा राहिला, तो प्रश्न उपयोगाची कसलीही खात्री नसताना आपल्या गावातील माणसे विचारीत होती, एवढे निश्चित.

तिसरा शत्रू घरातलाच निघाला. तो म्हणजे वीज. रेघ काळी करण्यासाठी वीज तर हवीच. पण ती एकाच दिशेने सतत वाहू लागली की द्रवस्फटिकातील अशुद्ध कण विद्युत् अग्रांकडे ओढले जातात, तेथे रासायनिक क्रिया घडते आणि पदार्थ हळूहळू बिघडतो. मुलामा देण्याच्या भांड्यात जे आपण मुद्दाम घडवितो, तेच येथे नको असताना घडते. म्हणून दर्शकाला उलटसुलट दिशेने वाहणारी, म्हणजे प्रत्यावर्ती वीज देतात. दर सेकंदाला अनेक वेळा दिशा पालटल्यामुळे कणांना एका बाजूला जमावयास सवडच मिळत नाही. रेणूंना मात्र विजेच्या दिशेचे सोयरसुतक नसते. वीज इकडून आली काय आणि तिकडून आली काय, ते उभेच राहतात. त्यामुळे आकडा स्थिर दिसतो आणि पदार्थही टिकतो. दोन्ही दिशांचा दाब अगदी सारखा असणे मात्र अगत्याचे असते. त्यात थोडा जरी फरक राहिला तरी तो दिवसेंदिवस साठत जातो आणि दर्शकाचे आयुष्य कुरतडतो.

चौथा शत्रू सूर्यप्रकाश. त्यातील जंबुपार किरण रेणूंचे बंध तोडतात. बाहेरच्या ध्रुवक पट्ट्याही नाजूक असतात. ताणलेल्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्यात आयोडीन मुरवून त्या बनविलेल्या असतात, आणि उष्णता व दमटपणा एकत्र आले की त्या विटतात किंवा त्यांचे पदर सुटतात. म्हणून उघड्यावर वापरावयाच्या दर्शकांवर जंबुपार किरण अडविणारा थर देतात आणि त्यांचे ध्रुवकही अधिक टिकाऊ निवडतात.

पाचवा शत्रू अगदी साधा, पण त्याचा उपद्रव काही थोडा नाही. काचेवरील रेघांना वीज पोहोचविण्यासाठी पुष्कळ उपकरणांत रबराची एक पट्टी दाबून बसविलेली असते. तिच्यात वीज वाहणारे आणि न वाहणारे असे पातळ पदर एकाआड एक असतात. या पट्टीखाली धूळ शिरली, तेलकटपणा आला किंवा पट्टी किंचित सरकली, की त्या जागेची रेघ उमटत नाही. द्रवस्फटिक निर्दोष, काच निर्दोष, तरी आकडा खोटा! भाजीबाजारात माती आणि पाणी यांना तोटा नसतो. तेव्हा काट्याची पेटी धूळ व पाणी यांना आत येऊ न देणारी असणे, हेही आकड्याच्या खरेपणाचेच अंग होय.

एवढे उपाय केल्यावर दर्शक दहा वर्षे टिकेल की नाही, हे पाहावयाचे कसे? दहा वर्षे वाट पाहत बसणे शक्य नसते. म्हणून कारखान्यात थोड्या दिवसांत पुष्कळ दिवसांचे हाल करण्याची युक्ती योजतात. दर्शक ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या पेटीत शेकडो तास ठेवतात. कधी कडक थंडीतून एकदम उष्णतेत नेतात. रासायनिक क्रियेचा वेग दर १० अंशांना साधारणपणे दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. ३० अंशांवरून ८० अंशांवर गेल्यास पाच वेळा दुप्पट, म्हणजे ३२ पट वेग होतो. या हिशेबाने ८० अंशांवरील १,००० तास, म्हणजे सुमारे ४२ दिवस, हे ३० अंशांवरील ३२,००० तासांच्या, म्हणजे साडेतीन वर्षांहून अधिक काळाच्या बरोबरीचे ठरतात. नियम ढोबळ असल्यामुळे एकट्या त्यावर विसंबून चालत नाही; निरनिराळ्या तापमानांना परीक्षा घेऊन तो पडताळावा लागतो. जे दर्शक या परीक्षेत नापास होतात, ते फोडून नेमके कोठे बिघडले हे शोधतात. नापास झालेल्या दर्शकानेच पुढच्या दर्शकाला शिकविले, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही.

दूरचित्रवाणीचे आणि भ्रमणध्वनीचे पडदे पुढे याच मार्गाने घडले. तेथे लक्षावधी बिंदूंपैकी प्रत्येकाला स्वतःची अतिसूक्ष्म विजेची कळ असते, आणि दिलेला विद्युत् भार पुढच्या आज्ञेपर्यंत बिंदूने जपून ठेवावा लागतो. सायनो गट असलेले पदार्थ अशुद्ध कणांना सहज सामावून घेतात. त्यामुळे भार गळतो. म्हणून या पडद्यांत फ्लुओरीन असलेले पदार्थ वापरले जाऊ लागले. काल ज्या पदार्थाने जुना दोष घालविला, तोच आजच्या कामाला अपुरा ठरला आणि त्याला आपली जागा दुसऱ्याला द्यावी लागली. विज्ञानात मोठेपण हे असे असते.

या सर्व हकीकतीतून आमच्या मते एक गोष्ट ठळकपणे दिसते. शोध एका दिवसात लागू शकतो. विश्वास मात्र एका दिवसात मिळत नाही. १९६८ साली द्रवस्फटिकाचा आकडा जगाला दिसला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याचे स्वागत केले. पण तो आकडा पावसाळ्यात, उन्हाळ्यात, धुळीत आणि घाईगर्दीत खराच राहावा, यासाठी रसायनशास्त्रज्ञ, पदार्थवैज्ञानिक, काच घासणारे, कडा बंद करणारे आणि परीक्षा घेणारे असे असंख्य लोक वर्षानुवर्षे राबले. त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत. प्रत्येकाने एकेक लहानसा दोष धरला व तो दूर केला, इतकेच.

उरलेले काम आपले आहे. पुष्कळ काटे चालू करताच क्षणभर सर्व आकड्यांच्या जागी आठ आठ दाखवितात. ती शोभा नसून सातही रेघा जिवंत असल्याची ग्वाही असते. खरेदी करताना त्या क्षणी नजर काट्यावर ठेवावी. वजनमापांची तपासणी करून शिक्का मारण्यासाठी सरकारचे वैधमापन खाते आहे. काट्यावरचा शिक्का मुदतीतला आहे काय, हे विचारण्यात विकणाऱ्याचा अपमान नाही. विकणाऱ्यानेही काटा सावलीत ठेवावा, पाण्यापासून जपावा आणि एखादी रेघ पुसट दिसू लागताच तो दुरुस्तीला द्यावा. आमच्या विद्यार्थिमित्रांना एक लहानसे कोडे देऊन हा लेख पुरा करतो. सात रेघांपैकी कोणतीही एक रेघ नाहीशी झाली असता कोणत्या आकड्याचा दुसरा खरा दिसणारा आकडा होतो, याचे शून्यापासून नऊपर्यंत कोष्टक मांडावे. ते एकदा स्वतःच्या हाताने मांडले म्हणजे बाजारातला प्रत्येक आठ तुम्ही जरा निरखूनच पाहाल.